आपल्या माणसांची नोंद कोण ठेवणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलले तसेच लिहून काढले आहे.)



समितीने मला विषय दिला होता 'विहाराची वाटचाल'. पण माझ्या आधी तिघेजण बोलून गेले आणि त्यांनी वाटचालीत काहीच शिल्लक ठेवले नाही. वर्गणी किती जमली, पत्रे कधी बसले, स्लॅब कधी पडला, मूर्ती कोणाच्या टेम्पोतून आली, सगळे झाले. मी जिनिंगमधला माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचे जे काही ते वाचनालयात आणि युनियनच्या बैठकीत शिकलो. तेव्हा मी विषय थोडा बदलतो. ज्यांनी पहिल्या स्लॅबच्या वेळी डोक्यावर घमेली वाहिली आणि आज जे या सभेत नाहीत, त्यांच्याबद्दल बोलतो. म्हणजे आपल्या मेलेल्या माणसांबद्दल. आजचा दिवस आनंदाचा आहे, त्यात हे काय काढले, असे कोणाला वाटेल. पण वर्षातून एकदाच सगळे घरदार एका ठिकाणी जमते. मग हे बोलायचे कधी?

तुमच्यापैकी जे बाहेरगावी कामाला गेले त्यांना हा अनुभव असेल. मुंबईला, पुण्याला कोणी विचारते, गाव कोणते? आपण म्हणतो, मानवत, जिल्हा परभणी. समोरचा माणूस जरा वयस्क असला की लगेच डोळे मोठे करून म्हणतो, "म्हणजे ते हत्याकांडाचे मानवत?" कापसाच्या बाजारपेठेचे मानवत असे कोणी म्हणत नाही. आणि आता तर तरुण पोरेही तेच विचारतात, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर 'मानवत मर्डर्स' नावाची मालिका निघाली आणि घरोघरी मोबाईलवर पाहिली गेली. मालिका चांगली की वाईट हे सांगायला मी उभा नाही. मी मुद्दा वेगळा मांडतो.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या तेरा-चौदा महिन्यांत आपल्या या लहानशा गावात दहा खून झाले. दहाही बाईमाणसे. पाच मुली साधारण दहा वर्षांच्या, एक वर्षाचे तान्हे लेकरू, आणि चार बाया पस्तिशीच्या आसपासच्या. त्यात हिंदू होत्या, मुसलमान होत्या. सरकार पक्षाचे म्हणणे असे होते की गुप्तधन मिळावे, मूल व्हावे, यासाठी हे बळी दिले गेले. रमाकांत कुलकर्णी नावाच्या मोठ्या पोलीस अधिकाऱ्यांनी तपास केला, पुढे त्यांनी त्यावर पुस्तकात लिहिले. अठरा जणांवर खटला चालला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली तिथला निकाल आला. युनियनच्या कामानिमित्त ओळख झालेल्या एका वकीलसाहेबांनी मला सांगितले की माफीच्या साक्षीदारावर किती विश्वास ठेवावा, यासाठी वकील लोक आजही तो निकाल काढून वाचतात. मी विचारले, निकालाचे नाव काय? तर ते नाव एका आरोपीचे आहे.

बंधूंनो, इथे जरा थांबा. आरोपींची नावे लोकांना पाठ आहेत. तपास करणाऱ्या साहेबांचे नाव पाठ आहे. आता नटनट्यांचीही नावे पाठ झाली. आणि त्या दहा जणी? त्यातली कोण गाणे चांगले म्हणत होती, कोण शाळेत जात होती आणि कोणाला धाकट्या भावाला कडेवर घ्यायचे म्हणून शाळेतून काढले होते, कोणाच्या हातची भाकरी पातळ व्हायची, हे कुठल्या कागदावर आहे? कागदावर फक्त त्यांचे प्रेत आहे. कुठे सापडले, अंगावर काय होते, जखमा किती. माणूस मेल्यानंतर जेवढा पंचनाम्यात मावतो तेवढाच उरला.

मी त्या दहा जणींची नावे इथे घेत नाही, आणि हे भाषण छापले तरी त्यात येऊ देणार नाही. त्यांचे नातलग आहेत. त्यांना न विचारता आपण सभेत नाव पुकारावे हे मला बरोबर वाटत नाही. पन्नास वर्षे लोकांनी त्यांना न विचारताच बोलून घेतले आहे.

मी तेव्हा लहान होतो, मला स्वतःला काही आठवत नाही. माझी माय सांगायची ते आठवते. ती खुनांचे फारसे सांगत नसे. ती दुष्काळाचे सांगायची. ते साल बहात्तरचे. विहिरी आटल्या, ढोरे खाटकाच्या दारात गेली, आणि आपल्या बायका खडी फोडायला आणि तळ्याच्या कामावर गेल्या. अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला, लेकरांना सुकडी मिळायची म्हणून लेकरे कामावर न्यायची. माय म्हणायची, "सरपणाला, शेणाला, पाण्याला बाईनं बाहेर निघूच नाही म्हणले सगळे. आरं पण निघाली नाही तर चूल कशी पेटंल?" संध्याकाळी दार लावून बसायचे आणि पहाटे त्याच रानात जायचे. बायका चौघी-चौघी मिळून जायच्या. मागे राहणारीला हाका मारायच्या, नावाने, मोठ्याने, उत्तर येईपर्यंत. हे माझ्या मायने सांगितले. कुठल्या मालिकेत हे आहे का मला माहीत नाही, पण मला तरी त्या सालातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. त्या भीतीच्या काळात आपल्या बायकांनी एकमेकींना सांभाळले.

त्या बायका आता बहुतेक गेल्या. त्यांनी बांधलेले पाझर तलाव आहेत, त्यांनी फोडलेल्या खडीवरून आपल्या एस.टी. गाड्या गेल्या. हजेरीपटावर त्यांचे अंगठे होते, ते हजेरीपट कुठे गेले कोणास ठाऊक.

आता जरा मागचे सांगतो, कारण तरुण पोरांना हे माहीत असायला पाहिजे. आपल्या वाडवडिलांकडे गावची जी कामे होती, वेसकराची, तराळाची, त्यात एक काम होते मौतीचा सांगावा नेण्याचे. गावात कोणी मेले की महाराने निघायचे. ऊन असो, पाऊस असो, अंधार असो, दहा कोसांवरच्या सोयऱ्यांच्या गावी पायी जायचे आणि दारात न जाता लांबून ओरडून सांगायचे की अमक्याचे अमके वारले. सरणाची लाकडे पण त्यानेच वाहायची. आणि मोबदला काय, तर मढ्यावरचे कापड आणि शिळे तुकडे. परमपूज्य बाबासाहेबांनी हे वतन मोडायला १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले ते उगाच नाही. म्हणजे पाहा, साऱ्या गावाच्या मौतीची बातमी ज्याच्या पायाने गेली, त्याच्या स्वतःच्या घरचा माणूस मेला तर सांगावा घेऊन कोण जायचे? त्याची नोंद कोणी करायची? पाटलाच्या घरचा मेला तर सात पिढ्यांची वंशावळ भाटाच्या वहीत. आपला आजा मेला तर आज आपल्यापैकी किती जणांना पणजीचे नाव सांगता येते? पणजोबाचे एखाद्याला येईल. पणजीचे हात वर करून सांगा. पाहा, तीन हात.

आपल्या पूर्वजांची नावे जुन्या काळात दगडावर कोरलेली कुठे सापडतात? भीमा-कोरेगावला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या स्तंभावर आहेत, त्यात शेवटी 'नाक' असलेली २२ नावे आपल्या माणसांची. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले आणि तेव्हापासून आपण जातो. ती नावे का टिकली? कारण सैन्यात भरती होताना नाव लिहिले जाते आणि मेल्यावर त्या नावापुढे खूण होते. कंपनी सरकारला आपल्यावर माया होती म्हणून नव्हे. लिहिलेले टिकते, एवढाच त्यातला हिशोब.

आता तुम्ही म्हणाल, आता तर मृत्यूची नोंद होते की. होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. घरी माणूस वारला तर २१ दिवसांच्या आत नगरपरिषदेत कळवायचे, फी लागत नाही. पण आपल्याकडे काय होते? माणूस दवाखान्यात गेला तर दवाखाना नोंद करतो. म्हातारी घरी गेली तर आपण तिसऱ्या दिवसाचे बघतो, पाहुणे बघतो, पुण्यानुमोदनाचे जेवण बघतो, आणि कागद राहून जातो. वर्ष उलटले की मग अधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो, प्रतिज्ञापत्र, पंच, चकरा. मी अशा चार-पाच घरांसोबत कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत म्हणून सांगतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत २० हजार रुपये एकदम मिळतात. विधवा बाईला संजय गांधी निराधार योजनेत पगार सुरू होतो. पण पहिला कागद मागतात तो मृत्यूच्या दाखल्याचा. कागद नाही तर तुमचा माणूस सरकारच्या लेखी जिवंत आहे, आणि जिवंत माणसाच्या बायकोला विधवेचा पगार कसा द्यायचा?

पोरांच्या जातीच्या दाखल्याचेही तेच. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा शाळेत गेला नाही, जमीन नाही, तर पुरावा कुठून आणावा? निजामाच्या काळातले कागद उर्दूत, काही मोडीत, ते वाचणारा माणूस शोधता शोधता प्रवेशाची तारीख निघून जाते. एखाद्या जुन्या नोंदवहीत आजाच्या जन्माची किंवा पणजाच्या मरणाची एक ओळ सापडली तर पोरगा इंजिनिअरिंगला जातो, नाही सापडली तर रडतो. मेलेला माणूस असा नातवाच्या कामाला येतो.

जिनिंगचे पण सांगतो. दिवाळीपासून कापूस येतो तेव्हा आपली माणसे रात्रपाळीला लागतात, उन्हाळ्याच्या तोंडाला हंगाम सरतो. हंगामी माणूस तो हंगामापुरताच. एका गठाणीत १७० किलो रुई असते, अशा किती गठाणी दाबल्या याचा हिशोब रोज लिहिला जातो, सरकी किती निघाली तो लिहिला जातो, घट किती आली ती लिहिली जाते. माझ्यासोबत एक जण होते, मी त्यांना काका म्हणायचो. वीस-बावीस हंगाम त्यांनी जिनावर कापूस ओढला. रुईचा धुरळा छातीत बसला. रात्री ढास लागायची तर शेजारचे उठून बसायचे. एका हंगामात ते आलेच नाहीत. हजेरीच्या नव्या वहीत त्यांचे नाव उतरवले नाही, एवढेच. खाडाखोडसुद्धा झाली नाही. कोणत्या जिनिंगमध्ये ते सांगत नाही, कारण सगळीकडे वही अशीच असते. पण हे काका जेवणाच्या सुट्टीत आम्हाला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. मला वाचायची गोडी त्यांच्यामुळे लागली. आम्ही दहा-बाराजण त्यांच्यामुळे पेपर घ्यायला लागलो. ही नोंद कोणत्या मालकाने ठेवावी? ती त्याची नाही, आपली आहे.

मग आपण काय ठेवतो? पुण्यानुमोदनाला आपण जमतो. त्रिशरण-पंचशील होते, भन्ते किंवा बौद्धाचार्य गाथा म्हणतात, मग दोन-चार जण बोलायला उठतात. आणि काय बोलतात? "ते मनमिळाऊ स्वभावाचे होते, त्यांच्या जाण्याने समाजाची न भरून निघणारी हानी झाली." प्रत्येक जण मनमिळाऊ! आपल्या गल्लीत एक मावशी होती, नळावर तिच्याशी भांडली नाही अशी बाई नव्हती, तिलाही आपण मनमिळाऊ करून टाकले. राग मानू नका, पण हा तिचा अपमान आहे. ती मावशी भांडायची कारण पाणी सगळ्यांना सारखे मिळाले पाहिजे म्हणून नळाला रांग तिने लावली होती. आणि तीच मावशी सुईण होती. आज या सभेत बसलेल्यांपैकी निदान पंधरा-वीस जण तिच्या हातावर जन्मले. लेकराची नाळ कापणाऱ्या बाईचे नाव जन्माच्या दाखल्यावर कुठे असते? तेव्हा 'मनमिळाऊ' नको. नळाचे सांगा, सुईणपणाचे सांगा.

आता फ्लेक्स लावतात. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली सगळ्या पुतण्यांचे फोटो, मेलेल्या माणसाच्या फोटोइतकेच मोठे. आठ-पंधरा दिवसांनी तो फ्लेक्स उतरतो आणि पावसाळ्यात छपरावर जातो. आणि २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनात गेलेल्यांना तर तेही मिळाले नाही. तोंड पाहायला मिळाले नाही, दहा माणसांचे पुण्यानुमोदन झाले नाही. त्या दोन वर्षांत आपल्या वस्तीतले कोण कोण गेले हे आज एका दमात सांगणारा मला भेटला नाही. पाच वर्षांत विसरलो.

जी नावे टिकली ती कशी टिकली तेही पाहा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आपल्या मराठवाड्यात घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दरवर्षी १४ जानेवारीला लोक विद्यापीठाच्या गेटवर जातात, ही नावे मोठ्याने घेतात, म्हणून ती आहेत. परंतु त्या वेळी घर जळून परागंदा झालेली, नंतर कुठे तरी झोपडीत, ऊसतोडीवर, झुरून मेलेली माणसे, त्यांचा दिवस कोणता?

आणि आत्ताचे, डिसेंबर २०२४ चे तर तुमच्या डोळ्यांसमोरचे आहे. १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर बंद, दगडफेक, धरपकड. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्याच आठवड्यात आपले जुने नेते विजय वाकोडे गेले. सोमनाथचे आधी सांगितले गेले की हृदयविकाराने. मग शवविच्छेदनाचा कागद आला, त्यात अनेक जखमांमुळे धक्का बसून मृत्यू असे लिहिलेले. त्याची माय तो कागद धरून उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. न्याय व्हायचा तेव्हा होईल. मी एवढेच म्हणतो की एका कागदावर दोन शब्द खरे लिहिले गेले, त्यावर ती माय लढली.

पण सोमनाथही फक्त कोठडीतला मृत्यू म्हणून उरू नये. जशा मानवतच्या त्या दहा जणी फक्त हत्याकांड म्हणून उरल्या. तो कोणता धडा वाचत होता, परीक्षेची तयारी कशी करत होता, त्याचे मित्र कोण, हे त्याच्या सोबतच्या पोरांनी आताच लिहून ठेवले पाहिजे. दहा वर्षांनी त्यांनाही आठवणार नाही.

आपल्या धम्मात किसा गोतमीची कथा सर्वांना माहीत आहे. मेलेले लेकरू घेऊन ती आली, भगवंतांनी मोहरी आणायला सांगितली, जिथे कोणी मेले नाही अशा घरातून. भन्तेजी त्याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला सांगतील. मला कामगार म्हणून त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. ती बाई श्रावस्तीत घरोघर गेली आणि प्रत्येक दारात विचारले, तुमच्यात कोण गेले? आणि प्रत्येक घराने तिला सांगितले असेल, आमचा बाप गेला, आमची लेक गेली. त्या दिवशी श्रावस्तीतल्या सगळ्या मेलेल्यांची आठवण एका बाईजवळ जमा झाली.

मी समितीपुढे मागच्या महिन्यात मागणी ठेवली आणि ती मान्य झाली, त्याबद्दल समितीचे आभार. विहारात एक जाड बांधणीची वही ठेवायची. दोनशे पानांची आणली आहे, ती टेबलावर आहे. एका माणसाला एक पान. वर नाव, आई-वडिलांचे नाव, बाईचे माहेरचे गाव, जन्माची तारीख माहीत नसेल तर अंदाजे साल, 'दुष्काळाच्या आदल्या वर्षी' असेही चालेल. काय काम केले. कशाने गेले, दारूने गेले असेल तर तेही लिहा, लपवू नका, पोरांना कळू द्या. आणि मग त्या माणसाची एक गोष्ट, खरी. 'मनमिळाऊ' लिहिलेले मी खोडणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

घरच्यांना विचारल्याशिवाय कोणाचे पान लिहायचे नाही. आपल्या वस्तीच्या बाहेरचे कोणी, कुठल्याही समाजाचे, आपले माणूस लिहा म्हणून आले तर त्यांनाही पान द्यायचे, असे समितीत ठरले आहे. त्या दहा जणींच्या घरच्यांपैकी कोणी आले तर पहिली दहा पाने मी कोरी सोडली आहेत. आले नाहीत तर कोरीच राहतील.

दर रविवारी वंदनेनंतर दोन तास मी आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या दोन मुली वही घेऊन बसू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहू, आणि वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेणार नाही. ज्या म्हाताऱ्यांना इथवर येणे होत नाही त्यांच्या घरी येऊ. त्यांना घाई आहे हे आम्हाला कळते. येताना मृत्यूचा दाखला असेल तर घेऊन या, नसेल तर तो काढायला काय लागते तेही तिथेच सांगू. जुने फोटो आणा, फोटो ठेवून घेणार नाही, मोबाईलवर काढून परत देऊ.

अकरावे पान सुईण मावशीचे आहे. तिच्या लेकीने कालच सांगितले, मी लिहून घेतले. ज्यांचा जन्म तिच्या हातावर झाला त्यांनी त्या पानाखाली आपापले नाव लिहायचे आहे. जागा कमी पडली तर पुढचे पान घ्या. जयभीम.